कमावती घरं

भैरवसड्यावरच्या माणसांपेक्षा तिथली घरं जास्त कमवायला लागली, तेव्हा माणसांनी शहाणपणा केला. घरांना कमवायला ठेवलं आणि आपण खाली शहरात उतरली. कुणी हसत उतरलं, कुणी डोळे पुसत उतरलं, पण उतरलं. शेवटी सड्यावर दोघीच उरल्या. एक रंजनाबाई डुबल, वाडीच्या अंगणवाडीच्या निवृत्त बाई, आणि दुसरी त्यांची शेजारीण शकुंतला झोरे. रंजनाबाई तिला शकू म्हणत आणि ती त्यांना रंजे म्हणायची. बाकी सगळी वाडी त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. खिचडी खायला मूलच उरलं नाही म्हणून अंगणवाडी बंद पडली, तरी हे नाव काही बंद पडलं नाही.

सगळं घडलं ते डुलखांबांमुळे. पाटणच्या डोंगरमाथ्यावरच्या या सपाट, उघड्या सड्याला वारा नवा नव्हता. मोठमोठ्या पवनचक्क्या तिथे आधीपासून गरगरत होत्या, पण त्या कंपन्यांच्या. त्यांची पाती डोक्यावर फिरत राहायची आणि खाली वाडीत दिवे गेलेले असायचे. मग घरोघरच्या अंगणात उभे करायचे खांब निघाले. त्यांना पाती नव्हती, गिअर नव्हते, घरघर नव्हती. दुमजली घराएवढा उंच, वर जरा जाड आणि खाली बारीक असा एक गोल खांब, एवढंच.

त्यामागचं विज्ञान तसं साधं होतं. गोल खांबाला वळसा घालून वारा पुढे जातो, तेव्हा तो मागे एकदा डाव्या अंगाला आणि एकदा उजव्या अंगाला भोवरा सोडतो. हे भोवरे आळीपाळीने सुटत राहतात, त्यामुळे खांबाला कधी इकडून तर कधी तिकडून ओढ बसते आणि तो डुलायला लागतो. वाऱ्यात ताणलेली तार गुणगुणते ती याच कारणाने. खांबाची स्वतःची लय आणि भोवऱ्यांची लय जुळली तर डुलणं चांगलंच वाढतं, पण वाऱ्याचा वेग बदलला की ती जुळणी मोडते. इतकी वर्षं घोडं तिथेच अडलं होतं. नव्या खांबांच्या बुडाशी चुंबकं बसवली होती. ती वाऱ्याचा वेग ओळखून खांबाला कधी ताठ तर कधी सैल करायची, म्हणजे झुळूक असो की सोसाटा, लय जुळलेलीच राहायची. त्याच डुलण्यातून तारांच्या वेटोळ्यांत वीज तयार व्हायची.

ती साठवायला सोडियमची बॅटरी आली. लोक तिला मिठाची बॅटरी म्हणत. लिथियमच्या मानाने ती फार बोजड, पण घर काही खांद्यावर घेऊन हिंडायचं नसतं. एका कोपऱ्यात धान्याच्या कणगीएवढी जागा तिला दिली की काम भागायचं. आणि या दोघांवर देखरेख ठेवायला भिंतीवर एक पाटीएवढं यंत्र बसायचं. उद्या वारा किती सुटेल, पुण्यात विजेचा भाव कधी चढेल, हे त्याला ठाऊक असायचं. भाव पडलेला असताना ते साठवायचं आणि चढला की विकायचं. वाडीने त्याला 'कारभारी' असं नाव ठेवलं. नवऱ्याच्या पश्चात इतकी वर्षं एकटीने काढल्यावर हा नवा कारभारी घरात आला, तेव्हा रंजनाबाई म्हणाल्या होत्या, "हा बरा आहे. कमावतो आणि जेवायला मागत नाही."

गंमत पुढेच होती. विजेचा भाव चढायचा तो दिवेलागणीला, कारण शहर त्या वेळी घरी परततं, दिवे लावतं, शेगड्या पेटवतं. पण सड्यावरच्या घरालाही त्याच वेळी दिवा हवा असायचा, शेगडी हवी असायची. म्हणजे ऐन कमाईच्या वेळी घरातलीच माणसं वीज खाऊन बसायची. त्याहून वाईट म्हणजे ती किती खातील याचा भरवसा नसायचा. पाहुणे आले, सण आला, कुणाला ताप आला की कारभाऱ्याचा हिशेब कोलमडायचा. शहराला मात्र भरवसा हवा होता. 'पुढचं वर्षभर रोज संध्याकाळी इतकी वीज नक्की' असं जे घर लिहून देईल, त्याला कंपनी दुप्पट भाव द्यायला तयार होती. आणि असं लिहून देणं एकाच प्रकारच्या घराला शक्य होतं. ज्यात कुणीच राहत नाही, अशा.

या योजनेला कंपनीने 'विसावा' असं गोड नाव दिलं. लोकांना ते फार आवडलं. घर सोडून जाताना मनाला जे बोचतं, त्यावर एखादा चांगला शब्द घातला की बोचणं जरा कमी होतं.

दिवाळीनंतर शकूचाही नंबर लागला. तिचा मुलगा सूरज तळेगावात होता. तो गाडी घेऊन आला आणि सामान भरू लागला. शकू रंजनाबाईंच्या ओसरीवर येऊन बसली.

"मी घरात ऱ्हायले की घराचं नुकसान हुतंय म्हणं," ती म्हणाली. "पोरगं तसं वाईट न्हाई बोललं. कारभाऱ्यानं काढलेला हिशेब दावला त्यानं मला. मी दोन भाकऱ्या थापल्या तर किती गेलं, टीव्ही लावला तर किती गेलं. मी म्हणलं, बाबा, मी मेले तर किती वाचंल त्ये पण बघ त्येच्यात."

"काहीतरीच बोलतेस."

"हसला त्यो. मग रडला. मग म्हणला, चल." शकूने कमरेची किल्ली काढली आणि रंजनाबाईंच्या हातात ठेवली. "तेवढा दिवा दावत जा गं घराला. दिवेलागणीला घर अंधारात नगं ऱ्हायाला. दुसरं काय मागत न्हाई."

रंजनाबाईंनी किल्ली घेतली. ती काही पहिली नव्हती. वाडी सोडताना प्रत्येक घराने आपली किल्ली त्यांच्याकडेच दिली होती आणि प्रत्येकाने हेच मागितलं होतं. घर बंद असलं तरी संध्याकाळी त्यात दिवा लागला पाहिजे, ही सड्यावरची रीत. घराला कुलूप असणं वेगळं आणि घर ओस असणं वेगळं, आणि या दोन्हींमध्ये फरक असतो तो त्या पाच मिनिटांच्या दिव्याचा. निघताना सगळ्यांना तेवढा फरक राखायचा असायचा. तो कुणी राखायचा, एवढाच काय तो प्रश्न, आणि बाई तर होत्याच.

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली. रंजनाबाई घरात आल्या आणि उगाचच भांडी घासत बसल्या. ती आधीच घासलेली होती.

मग रोजचा क्रम सुरू झाला. उन्हं कलली की किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्या बाहेर पडायच्या. एकेका घराचं कुलूप काढायचं, देवळीपाशी बल्ब लावायचा, हात जोडायचे, जरा थांबायचं, बल्ब बंद करायचा आणि पुढच्या घराकडे जायचं. दोन्ही बाजूंना खांब डुलत असायचे. सगळे एकाच वाऱ्यात, म्हणून सगळे एकाच लयीत. घरांमध्ये बंद हवेचा, उंदरांचा आणि जुन्या कपड्यांचा वास कोंडलेला असायचा. रंजनाबाई त्या घरांशी थोडं बोलायच्या. येसूबाईच्या घरात येसूबाईशी, कोकऱ्यांच्या घरात कोकऱ्यांच्या म्हाताऱ्याशी. शकूच्या घरात त्या जास्त वेळ बसायच्या. तिथे बोलायच्या मात्र नाहीत, कारण तिथे बोलायला गेलं की रडू यायचं.

दिवा लागला की भिंतीवरचा कारभारी जागा व्हायचा. हे यंत्र तसं मुकं असे, पण 'विसावा'तल्या घरात अचानक वीज खर्च झाली, तर खात्री करून घ्यायचा त्याला नियम होता. मग तो मऊ आवाजात विचारायचा, "नमस्कार. सध्या घरात कोण आहे?"

आता दारात उभं राहून कुणी असं विचारलं, तर 'कुणी नाही' असं म्हणायचं नाही, हे सड्यावर पोराटोरांनाही ठाऊक. भरल्या घराला रिकामं म्हटलं तर ते रिकामं व्हायला वेळ लागत नाही, असं सगळे मानायचे. रंजनाबाईंनीच कित्येक मुलांना अंगणवाडीत हे शिकवलं होतं. त्यामुळे कारभाऱ्याने पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्या सवयीने म्हणाल्या, "आहेत की. सगळी आहेत."

"धन्यवाद," कारभारी म्हणाला.

पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरातही तेच. त्यांना बरं वाटायचं. दिवसभरात त्यांना कुणी प्रश्न विचारलेला असायचाच असं नाही. इथे रोज संध्याकाळी घरोघरी कुणीतरी विचारत होतं, आणि त्यांच्या तोंडून सगळी वाडी जागच्या जागी आहे असं उत्तर जात होतं. थंडी संपेपर्यंत त्यांनी एकही संध्याकाळ चुकवली नाही.

होळीच्या सुमारास सूरजचा फोन आला. अंगणवाडीत तो शेंबडा असताना रंजनाबाईंनी त्याचं नाक पुसलं होतं. आता त्याचा आवाज फार जबाबदार झाला होता.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "पण आमच्या घरात कुणी राहतंय का?"

"कोण राहणार? मी दिवा लावते रोज. शकूने सांगितलंय."

"फक्त दिवा?"

"आणि काय, नाचते होय रे मी तिथे?"

सूरज हसला नाही. त्याने समजावून सांगितलं. कंपनीने वाडीतल्या सगळ्याच घरांना नोटीस धाडली होती. घरं रिकामी आहेत असं लिहून दिलंत, पण तुमच्या कारभाऱ्याकडे रोज संध्याकाळी कुणीतरी कळवतंय की घरात सगळे आहेत. एका बल्बने काही वीज संपत नव्हती, पण भरवसा संपत होता. दुप्पट भाव थांबला होता, आणि खोटं लिहून दिलं म्हणून चौकशी लागली होती ती वेगळीच.

"मी नाही म्हणायचं होतं?" रंजनाबाईंनी विचारलं. "रिकाम्या घरात उभं राहून, कुणी नाही असं?"

सूरजलाही ती रीत माहीत होती. त्यांनीच शिकवली होती.

"बाई, तुम्ही दिवाच लावू नका," तो हळूच म्हणाला.

त्यानंतर वाडीच्या ग्रुपवर दोन दिवस कल्लोळ उसळला. कुणी बाईंची बाजू घेतली, कुणी म्हणालं, वय झालं की असं होतं. हे 'वय झालं'वालं माणूस लहानपणी अंगणवाडीत बाईंच्या हातची खिचडी दोनदा मागून घ्यायचं. बाईंनी सगळं वाचलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्या घरांना त्यांनी जपलं, त्यांचंच त्यांनी नुकसान केलं होतं. त्यांनी ग्रुपवर माफी मागितली. मग सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि थांबलेला दुप्पट भाव पुन्हा सुरू व्हावा म्हणून किल्ल्या कंपनीच्या माणसाकडे द्याव्यात असं ठरवून टाकलं.

कंपनीचा माणूस म्हणजे इरफान मुलाणी, जेमतेम तिशीचा, कराडचा. त्याने गाडी दारात लावली, चपला बाहेर काढल्या आणि किल्ल्या घेताना मान खाली घातली. त्याचं हे वागणंच रंजनाबाईंना जास्त लागलं. उर्मट असता तर भांडता तरी आलं असतं.

"बाई, एक सांगायचं होतं," चहा घेता घेता तो म्हणाला. "आता वाडीत तुम्ही एकट्याच. तुमचंही घर विसाव्यात आलं, तर सगळी वाडी रिकामी धरता येते. मग इथली पाण्याची मोटार, रस्त्यावरचे दिवे, सगळं बंद करता येतं, आणि सड्याची सगळीच्या सगळी वीज शहराला नक्की सांगता येते. त्याला तिप्पट भाव आहे. सगळ्याच घरांना."

"म्हणजे माझ्या एकटीमुळे सगळ्यांचं अडलंय."

"मी तसं नाही म्हणत."

"नाही म्हणत, पण आहे तसंच ना?"

मुलाणीने कप खाली ठेवला. "पावसाळी वारा सुटायच्या आत ठरवायचंय. खरी कमाई तेव्हाच असते. पण जबरदस्ती नाही बाई. घर तुमचं आहे."

त्या संध्याकाळी रंजनाबाई सवयीने उठल्या आणि खुंटीपाशी गेल्या. जुडगा नव्हता. त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. सगळी घरं काळोखात होती आणि त्यांच्यासमोरचे खांब डुलत होते. प्रत्येक घर त्या क्षणी कमावत होतं. त्यांचा एकटीचा दिवा तेवढा खर्चात होता. एकटेपण त्यांना नवं नव्हतं, पण आपण कुणाला तरी नको आहोत हे त्यांना नवं होतं. एवढ्या मोठ्या सड्यावर उभ्या असूनही आपण जास्तीची जागा अडवतोय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी दिवा न लावताच जेवण उरकलं.

मग मुलाचे, प्रथमेशचे, फोन सुरू झाले. तो पुण्याला होता. प्रेमळ होता, फक्त त्याला वेळ नसायचा. "आई, मी तुला जा म्हणत नाही, ये म्हणतोय," तो म्हणायचा. ग्रुपवर कुणी थेट काही बोलत नव्हतं. पण सकाळी उठल्याउठल्या कुणीतरी सड्याचा वाऱ्याचा अंदाज टाकायचं आणि त्याखाली कुणीतरी लिहायचं, 'या वर्षी वारा जबरदस्त आहे म्हणे.' वैशाख सरत आला, तेव्हा अशा वाक्यांना रंजनाबाई घाबरायला लागल्या होत्या.

आणि एक दिवस दुपारी कंपनीची गाडी आली. गाडीतून मुलाणी उतरला आणि मागून शकू उतरली.

रंजनाबाईंना क्षणभर खरं वाटेना. मग त्या अनवाणीच धावत गेल्या. शकू वाळली होती, रंगाने उजळली होती आणि पायांत बूट होते. त्या बुटांवरून दोघी इतक्या हसल्या की मुलाणी 'उद्या सकाळी न्यायला येतो' एवढं म्हणून निघूनही गेला. रंजनाबाईंनी वांग्याचं भरीत केलं, ठेचा केला, भाकऱ्या थापल्या. बोलून बोलून त्यांचा घसा बसला. इतक्या महिन्यांचं बोलणं साठलं होतं, आणि ते साठवायला त्यांच्याकडे कुठलीच बॅटरी नव्हती.

जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की शकू त्यांच्याकडे सरळ बघत नाहीये.

"शके," त्या म्हणाल्या, "तुला कुणी पाठवलंय का?"

शकूचा घास हातातच राहिला. "पाठवलंय म्हंजी," ती म्हणाली, "सूरज म्हणला, तुझं ऐकतील बाई."

रंजनाबाईंना रडूही आलं नाही. त्यांनी शकूच्या ताटात आणखी भरीत वाढलं. "जेव आधी. मग सांग."

शकूने सांगितलं. खरं तेच सांगितलं, कारण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. सूरजचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत तो, बायको आणि मूल. बाहेरच्या खोलीत पडद्यामागे शकूची कॉट. सड्याला तिप्पट भाव मिळाला तर तो मोठं घर घेणार होता, आणि त्यात आईला एक खोली देणार होता.

"दार असलेली," शकू म्हणाली. "आतनं कडी लावता येईल अशी. लई दिवसांत मी कडी लावली न्हाई, रंजे. लुगडं बदलायचं तरी मोरीत जावं लागतं."

"आणि दिवसभर काय करतेस?"

"दिवसभर ऱ्हाते की घरात. दिवेलागणीला तेवढं खाली जावं लागतं." आणि रंजनाबाईंचा चेहरा बघून तिने खुलासा केला. तिथेही गच्चीवर खांब होते, घराघरात बॅटऱ्या होत्या. संध्याकाळी भाव चढायचा, तेव्हा तासा-दोन तासांसाठी घर रिकामं दाखवलं तरी चार पैसे सुटायचे. म्हणून दिवे लागायच्या वेळी सगळी सोसायटी खाली बागेत येऊन बसायची. म्हातारी, पोरं, सुना, सगळी. वर सगळ्या खिडक्या काळ्या. "बाकावर जागा पकडाय लागते. कुणी कुणाशी बोलत न्हाई. ज्ये त्ये आपापल्या फोनात डोकं घालतंय. भाव उतरला की वाजतंय त्यात, आन् मग वर जाऊन कुकर लावायचा."

रंजनाबाईंनी ताटं उचलली. मनाशी ठरवायला त्यांना फार वेळ लागला नाही. आपण इथे राहून काय राखतोय? काळोखातली घरं. आणि गेलो तर काय होईल? या बाईला दार असलेली एक खोली मिळेल. सरळ हिशेब होता.

"उद्या देते मी विसाव्याला अंगठा," त्या म्हणाल्या.

शकूला आनंद झाल्याचं दिसलं नाही. दोघी ओसरीवर शेजारीशेजारी आडव्या झाल्या आणि झोप लागेपर्यंत अंगणवाडीतल्या मुलांची नावं आठवत राहिल्या.

सकाळी मुलाणी आला. रंजनाबाईंनी एक पिशवी भरून ठेवली होती. प्रथमेशला फोन करून झाला होता. तो म्हणाला, आई, मी सुट्टी टाकतो, न्यायला येतो पाटणपर्यंत. त्याचा आवाज इतका मोकळा झाला होता, की इतके दिवस त्याच्या छातीवर केवढं ओझं होतं ते त्यांना तेव्हाच कळलं.

"अंगठ्याआधी वाचून दाखवायचा नियम आहे," मुलाणी म्हणाला आणि टॅबलेटवरून वाचू लागला. "'या घरात कोणीही राहत नाही आणि पूर्वसूचनेशिवाय कोणीही राहणार नाही. घरातील वापर कायमचा शून्य धरावा. वाडीतील पाणीपुरवठा व रस्त्यावरील दिवे आजपासून बंद करण्यास माझी हरकत नाही.'" त्याने टॅबलेट पुढे केला. "इथे, बाई."

रंजनाबाईंनी पदराला हात पुसला. अंगठा पुढे केला. तो काचेशी नेऊनही टेकवेना, तशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एवढी माणसं गेली, कुणाचा अंगठा अडला नसेल.

आणि शकूने त्यांचं मनगट धरलं.

"दम जरा," ती म्हणाली. मग मुलाणीकडे वळली. "अवो साहेब, ह्या घरात मी ऱ्हायले तर चालंल का?"

"तुम्ही?" मुलाणी गोंधळला. "तुमचं घर तर पलीकडे आहे ना. ते विसाव्यात आहे."

"मग ऱ्हाऊ द्या की तसंच. मी काय त्येच्यात पाय टाकत न्हाई. त्येला कमवू द्या. मी आपली हितं ऱ्हाते."

"मावशी, पण मग तिप्पट भाव मिळणार नाही. कुणालाच. सूरजभाऊंना पण."

"दुप्पट मिळतोय न्हवं? पुरं झालं."

"शके," रंजनाबाईंनी हात सोडवायचा प्रयत्न केला. "खुळी झालीस का? खोली मिळणार आहे तुला. दार असलेली."

"खोली मिळंल गं," शकू म्हणाली. मनगट तिने सोडलं नाही. "पण कडी लावून आत मी एकटीच की. त्यापरास हितं बरी."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी रंजनाबाईंसाठी नुकसान सोसायला तयार झालं होतं, आणि त्यांना ते पेलवत नव्हतं. त्या मटकन खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मुलाणीने टॅबलेट मिटला. 'विचार बदलला' एवढंच नोंदवतो, असं तो म्हणाला आणि चहा न घेता गेला, कारण चहा करायच्या स्थितीत दोघींतली एकही नव्हती.

त्याची किंमत दोघींनाही मोजावी लागली. सूरजने आईला फोनवर एवढंच विचारलं, "तुला आमच्यापेक्षा बाई जवळच्या झाल्या?" त्यानंतर त्याने बरेच दिवस फोन केला नाही. प्रथमेशने केला, पण तो रजा रद्द केल्याचं सांगायला. वाडीच्या ग्रुपवर कुणी भांडलं नाही, कुणी वाकडा शब्द काढला नाही. एका सकाळी रंजनाबाईंनी उघडून बघितलं, तर त्या दोघींना ग्रुपवरून काढून टाकलेलं होतं.

दोघींचंही लगेच गोडीगुलाबीने जमलं असं नाही. शकू घोरायची. रंजनाबाई वरणात चिंच घालायच्या, ते शकूला चालायचं नाही. घरात दुसरं माणूस आल्यामुळे रंजनाबाईंच्या कारभाऱ्याचा हिशेब पार बिघडला, आणि महिनाअखेर विकायला वीज फारशी उरली नाही.

मग पावसाळी वारा सुटला. खांब दिवसरात्र डुलायला लागले. एका संध्याकाळी शकू अंगणात दिसेना, म्हणून रंजनाबाई शोधत निघाल्या. ती तिच्या स्वतःच्या घरासमोर, कुंपणाच्या बाहेर उभी होती. घर काळोखात होतं. त्याच्यापुढचा खांब जोरजोराने हलत होता. हीच कमाईची वेळ होती. शकूने एक पाऊल आत टाकलं असतं, तर चौकशीपासून दाराकुंपणावरही नजर ठेवणाऱ्या कारभाऱ्याने ते टिपलं असतं, आणि सूरजला मिळत होता तेवढा भावही गेला असता.

"गवात किती माजलंय बघ दारात," शकू म्हणाली.

"मी काढू का?"

"नगं. तुलाबी जायाचं न्हाई आत." तिने कुंपणाच्या काठीवर हात ठेवला आणि मग कुणी बघेल या भीतीने काढून घेतल्यासारखा काढून घेतला. ज्या घरात ती सून म्हणून आली, ज्यात तिचा मुलगा झाला, त्या घराच्या बाहेर ती परक्या बाईसारखी उभी होती. काहीतरी धीराचं बोलावं असं रंजनाबाईंना फार वाटलं, पण खरं आणि धीराचं असं दोन्ही त्यांना सुचेना. त्या नुसत्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

वारा अंगावर येत राहिला. बऱ्याच वेळाने शकूने त्यांच्या दंडाला धरलं.

"चल," ती म्हणाली. "आपल्या घरी जाऊ."